शेवटच्याचा चहा

बोपदेव घाट चढून भिवरी मागे टाकली की सासवडकडे सायकल जवळजवळ आपसूक पळते. दोन्ही बाजूंना अंजीर-सीताफळाच्या बागा, सकाळचं गार वारं, घाटाचा घाम सुकत आलेला. बारा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी त्या रस्त्यावर आम्ही सातजण एका रांगेत होतो आणि सगळ्यांत पुढे मी. परातीएवढा एक खड्डा मला लांबूनच दिसला. हँडल जरासं वळवून मी बाजूने निघालो. बोललो काहीच नाही. मागच्या काकांचं पुढचं चाक थेट त्यात गेलं. खणकन आवाज आला आणि पाठोपाठ सायकल डांबरावर घासत गेल्याचा. काकांचं खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात पट्टा बांधून बसलेले असताना ते एवढंच म्हणाले, "अरे, नुसतं 'खड्डा' म्हणाला असतास तरी पुरे होतं."

तेव्हापासून ग्रुपमध्ये सायकल चालवायला जो कोणी माझ्याकडे शिकायला येतो, त्याचा पहिला धडा पायांचा नसतो, तोंडाचा असतो.

एकामागे एक चिकटून जाण्याचं कारण वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरने जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या आडोशाला नीट राहिलं तर त्यातला पाव ते तिसरा हिस्सा वाचतो. पण या आडोशाची किंमत डोळ्यांनी मोजावी लागते. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. दोन चाकांत हातभर अंतर असेल, तर पुढच्याच्या चाकाखालून खड्डा बाहेर पडल्यावर तो मागच्याच्या चाकाखाली यायला पाव सेकंदही लागत नाही. एवढ्यात कोणीही काही करू शकत नाही. म्हणजे मागच्याला त्या वेळी स्वतःचे डोळे नसतातच, पुढच्याचेच असतात. म्हणून खड्डा, खडी, गतिरोधक, कुत्रं, जे दिसेल ते मोठ्यांदा सांगायचं, हाताने दाखवायचं आणि प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. मागून गाडी आली तर हाच निरोप उलटा, शेपटाकडून पुढे. कानात इअरफोन घातलेल्या माणसाला मी रांगेत घेत नाही, मग तो कितीही तगडा असो.

दुसरी गोष्ट चाकाची. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू द्यायचं नाही. तो जरासा सरकला आणि चाकाला चाक लागलं, तर तो बहुधा सावरतो. पडतो मागचा, कारण त्याचं हँडलच अडकतं. चढावर तर याचा एक छुपा प्रकार आहे. पुढचा सीटवरून उठून उभा राहिला की त्या क्षणी पेडलवरचा जोर तुटतो आणि त्याची सायकल मागे आल्यासारखी होते, कधीकधी अर्धं चाक. दिवे घाटात मी हे मुद्दाम करून दाखवतो. शिकणाऱ्याला माझ्या मागे ठेवतो, अंतर थोडं जास्त सोडायला सांगतो आणि उठतो. एका ताईंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं आणि त्यांनी ब्रेक दाबला. उठण्याआधी एक गिअर जड करायचा, "उभा राहतोय" म्हणायचं आणि पेडल खाली दाबतानाच उठायचं. मग मागच्याला धक्का बसत नाही.

पुढे जाण्याची पाळी आली की अंगात वारं शिरतं, हे मी पुष्कळांचं पाहिलंय. रांग २६ने चाललेली असते आणि नवा पुढारी ३०ने सुटतो. त्याला वाटतं, आपण ग्रुपसाठी जोर लावतोय. प्रत्यक्षात रांग तुटते. वळणानंतर तर पुढच्याने थोडा वेग वाढवला की मधल्याला जास्त वाढवावा लागतो आणि शेवटच्याला जीव तोडून पळावं लागतं. असं दहा वळणांवर झालं की शेवटचा माणूस संपलेला असतो, आणि पुढच्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून पुढे आलं की वेग तोच ठेवायचा. दमलात तर बाजूला होऊन, वेग कमी करून, मागे सरकत जायचं. शेपटाच्या माणसाने "शेवटचा!" म्हणून ओरडायचं, म्हणजे मागे येणाऱ्याला कुठे शिरायचं ते कळतं.

घाट उतरताना मात्र रांग मोडायचीच. तिथे आडोसा कोणाला नको असतो, ब्रेकला जागा हवी असते. रात्री रांगेत मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवू नये, स्थिर ठेवावा. बीआरएम या लांब पल्ल्याच्या, वेळेचं बंधन असलेल्या राइडमध्ये ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात, म्हणजे निदान एक रात्र रस्त्यावर जातेच. समोर तासन्‌तास लुकलुकणाऱ्या दिव्याने मागच्याचे डोळे फुटायला येतात. आणि उसाच्या हंगामात दिवे नसलेली ट्रॉली अंधारात उभी असेल, तर त्याच थकलेल्या डोळ्यांना ती दिसायला हवी.

राहिला थांब्याचा प्रश्न. सासवडला चहाच्या टपरीशी पुढचे पोचतात, चहा घेतात, पाय मोकळे करतात, फोटो काढतात. वीस मिनिटांनी शेवटचा येतो आणि त्याला पाहताच सगळे हेल्मेट चढवतात: "चला, आले सगळे!" ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. हे मला खड्ड्याइतकंच लागतं. आमच्या ग्रुपमध्ये निघायची वेळ शेवटच्याच्या चहावर ठरते. तो बसणार, बाटली भरणार, कप ठेवणार, आणि "निघू या" हे तोच म्हणणार. हाड जुळल्यावर चार महिन्यांनी काका परत आले, तेव्हा ते बरेच मागून पोचले होते. आम्ही हेल्मेट बाकावर ठेवून बसलो होतो. त्यांनी चहा प्यायला, मग दुसरा मागवला. कोणी घड्याळ पाहिलं नाही.