सिरसोलीची वावरं

अकोल्याहून अकोटची वाट धरली की गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे लोक इथलंच पाणी कावडीत भरून राजराजेश्वराला पायी नेतात. पण याच नदीच्या दोन्ही अंगांना विहीर खणली तर खारं पाणी लागतं. हा खारपाणपट्टा. वर खोलच खोल काळी माती आणि तिच्या पोटात मीठ. इथला कापूस नि तूर पावसाच्या भरवशावर, हरभरा मातीत मुरलेल्या ओलीवर. अकोट मागं पडून सातपुड्याची निळी रेघ जवळ आली की पाण्याची चव बदलते, केळीच्या आणि संत्र्याच्या बागा दिसू लागतात. पंधराएक किलोमीटरवर अडगाव.

अडगाव बुद्रुक. रेल्वेच्या दप्तरात मात्र 'अडगाव बुजुर्ग'. बुद्रुक हा त्या फारसी बुजुर्गचाच मराठी तोंडात घासून गुळगुळीत झालेला अवतार, तेव्हा दोन्ही एकच. अकोला–खांडवा मीटरगेज गाडी इथं थांबायची. अकोटपर्यंत ब्रॉडगेज झाली. पुढचा मार्ग मेळघाटच्या जंगलातून न्यायचा की वळसा घालून, या वादात काम रखडलं. गावाला तिसरंही एक नाव आहे. इंग्रजांच्या तोंडी 'ड' बसेना, म्हणून त्यांच्या इतिहासात हे 'अरगाम'. त्या नावासाठीच मी नोव्हेंबरच्या अखेरीस इथं आलो होतो.

पाराजवळ एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं. म्हणाले, "लढाई पाह्याले आले का? मंग सिरसोलीकडं जा. पन तिथं आता वावरंच हायेत."

वावरंच होती. कपाशीची वेचणी चालू, मधूनमधून तुरीचे तास. चढ नाही, उतार नाही. 29 नोव्हेंबर 1803 रोजी दुपार कलल्यावर इथं नागपूरकर भोसल्यांचं पायदळ आणि तोफा उभ्या होत्या. नेतृत्व राजे रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी उर्फ मन्याबापू यांचं. सोबत शिंद्यांचे घोडेस्वार. समोरून ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजा घेऊन जनरल वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन चालून आले. याच युद्धातली असईची लढाई होऊन दोन महिनेच झाले होते. मराठी तोफा सुरू झाल्या आणि असईला न डगमगलेल्या मद्रासी शिपायांच्या तीन पलटणी फुटून मागं पळाल्या. वेलस्ली जवळ होता, त्याने त्यांना आवरून पुन्हा रांगेत आणलं. आपण तिथं नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्याने पुढं स्वतःच लिहिलं.

मी बांधावर बराच वेळ त्या पळालेल्या शिपायांचा विचार करत होतो. या सपाटीवर तोफेपुढे आडोसा कशाचा? आज इथं जिकडेतिकडे कपाशी आणि तूर, पण तेव्हाचं वऱ्हाड ज्वारीचं. कणसं भरली की धांडा माणसापेक्षा उंच. पिकात शिरलेल्याला पुढचं काही दिसत नाही आणि पिकातून बाहेर पडलेला लपत नाही. समोरच्या बाजूलाही तशीच माणसं होती. कंपनीचे साडेतीनशेवर मेले-जखमी झाले, तो आकडा नोंदला गेला. भोसल्यांच्या माणसांची अशी नेमकी मोजदाद नाही. इंग्रजांच्या हाती लागलेल्या त्यांच्या अडतीस तोफा तेवढ्या मोजल्या गेल्या. 1851 मध्ये इंग्रजांनी हयात सैनिकांसाठी पदक काढलं, त्याच्या एका चांदीच्या पट्टीवर या गावाचं नाव कोरलं. गावात कुणाला ते ठाऊक असेलसं वाटत नाही.

पुढं सगळं भराभर झालं. 15 डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला, 17 तारखेच्या देवगावच्या तहात भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. वऱ्हाड निजामाकडे गेलं, 1853 मध्ये त्याच्याकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. 1867 मध्ये मुंबईहून नागपूरला रेल्वे पोचली, तेव्हा इथला कापूस थेट बंदराकडे निघाला. ज्वारीच्या या मुलखावर कपाशीने जो जम बसवला त्याचं एक टोक इथं, या बांधापाशी, सापडतं असं मला वाटतं.

ऊन उतरलं. लढाईच्या दिवशी हरून पळणाऱ्या मराठ्यांचा पाठलाग अंधार पडल्यावर चांदण्यातही चालू राहिला होता. वावरात वेचणाऱ्या बाया कापसाची गाठोडी काट्यापाशी आणत होत्या. एकीने माझ्याकडे पाण्याचा तांब्या केला. पाणी गोडं होतं.

"इहिरीचं का?" मी विचारलं.

"नाही भाऊ, नळाचं. वान धरनाचं," ती म्हणाली आणि आपलं गाठोडं काट्याला लावायला वळली.