मेंढ्या मोजताना

1 डिसेंबर 2021 ला मोऱ्याहून निघालो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. डिसेंबरातला पाऊस, तासाभरात जाईल, असं मीच म्हणालो. मेहुण्याच्या इकोच्या मागच्या सीट काढून आम्ही फळी आणि गादी टाकली होती, कोपऱ्यात छोटी शेगडी. फोनवर लोकांच्या अशा गाड्या पाहून मुलीनं हट्टच धरला होता. जुन्नरला खालाकडे जायचं, वाटेत एक रात्र गाडीत काढायची, एवढाच बेत.

मुरबाड सोडलं आणि पाऊस वाढला. अरबी समुद्रावरच्या कमी दाबाच्या पट्ट्यानं राज्यभर अवकाळी पाऊस पाडला होता. माळशेज घाटात धुक्यामुळे पुढच्या ट्रकचे दिवेच तेवढे दिसत. अम्मी आयतुल कुर्सी पढत होती. मढला पोहोचेपर्यंत अंधार पडला. एका चहावाल्यानं टपरीमागे गाडी लावू दिली. रात्रभर वारा गाडी हलवत होता. दोन रजयांतही थंडी वाजत होती.

सकाळी बाहेर आलो तर जवळच्या शेतात धनगरांचा वाडा दिसला. दिवाळीनंतर हे लोक मेंढ्या घेऊन चाऱ्यासाठी गावोगाव फिरतात. घोड्यावर बिऱ्हाड, उघड्यावर मुक्काम. लोकर भिजून जड झालेली, वर बोचरा वारा. वाघरीच्या आत कितीतरी मेंढ्या आडव्या पडल्या होत्या.

मी जवळ गेलो. म्हाताऱ्या धनगरानं माझी दाढी, टोपी पाहिली आणि आडवा झाला.

“इकायची न्हाईत. जित्ती हाईत अजून.”

पहाटेच कुणी मोटरसायकलवाला मरणाला टेकलेल्या मेंढ्या मातीमोल भावात मागून गेला होता. मलाही तो त्यातलाच समजला. मला राग आला नाही, पण काही सुचेना.

“बाबा, मी मास्तर आहे,” एवढंच म्हणालो.

तोवर मुलगी रजई घेऊन आली होती. मग आमच्या गादीवर सहा कोकरं आली. माझी बायको टॉवेलनं त्यांची अंगं चोळत राहिली. अम्मीनं शेगडीवर पाणी तापवून पिशव्यांत भरलं. चार कोकरं वाचली.

टपरीवर कुणी म्हणालं, तलाठी पंचनाम्याला येईल, अर्ज लिहून ठेवा. मुलांना अर्जलेखन शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. मी वही काढली आणि विचारलं, “बाबा, किती दगावल्या?”

त्यांनी आकडा सांगितला नाही. एकेकीकडे बोट करत म्हणाले, “ही कानतुटी. ही लंगडीची लेक. ही पयल्या खेपंची...” मी वहीत रेघा ओढत गेलो. सतरा झाल्या. अर्जात फक्त ‘17 मेंढ्या’ एवढंच आलं. त्यांनी अंगठा उठवला, मग माझी टोपी नीट पाहत म्हणाले, “मास्तर, च्या घ्या.” त्यांच्या चुलीत ओलं लाकूड धुमसत होतं. चहा आमच्याच शेगडीवर झाला, दूध त्यांचं.

त्या पावसात जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागांत शेकडो मेंढ्या मेल्याचं खालाच्या घरी टीव्हीवर पाहिलं. आम्ही हौसेनं एक रात्र चाकांवर राहिलो, थंडी वाजली की काचा लावल्या.

परतल्यावर मेहुण्यानं नाक मुरडलं, “गाडीला मेंढरांचा वास येतोय.”

“येऊ दे,” अम्मी म्हणाली.