अंगात गेलेलं लोखंड जातं कुठे?

तुमच्याही घरच्या ग्रुपवर असे मेसेज येत असतील. गेल्या वर्षी माझ्या ताईच्या यकृतात गाठ निघाली आणि आठवड्याभरात एका नातेवाइकांनी पाठवलं, 'चुंबकाने औषध थेट गाठीवर! बाकी शरीराला काहीच त्रास नाही!' ताईने विचारलं, "आपण हेच का करू नये गं?" मला उत्तर देता येईना.

माझी लेक तंजावरला नॅनोतंत्रज्ञान शिकते. तिच्याकडे गेले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी विषय काढला.

"आई, हे कण म्हणजे एक प्रकारचा लोखंडाचा गंजच समज. केसाच्या जाडीत हजारभर मावतील इतके बारीक."

"आणि चुंबक त्यांना गाठीकडे ओढतो?"

"चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. खोलवरच्या अवयवापर्यंत ती पोचवणं अवघड. शिरेतून दिलेले बहुतेक कण यकृत आणि प्लीहाच पकडतात, थोडे अस्थिमज्जेत जातात. पाच-सहा नॅनोमीटरहून लहान असतील तेच लघवीवाटे निघतात."

"पकडलेल्यांचं काय होतं?"

"हळूहळू विरघळतात. ते लोह शरीराच्या साठ्यात जमा होतं, रक्तासाठी वापरलं जातं. पण जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम जातं. म्हणून मात्रा मोजूनच द्यावी लागते." ती जरा थांबली. "आणि मावशीचं तर यकृतच आजारी आहे ना?"

मी गप्पच झाले. मेसेजमध्ये यकृताचं नावही नव्हतं.

तुम्हाला घाबरवायचं नाही. हे कण खरोखर उपयोगाचे आहेत. फेरूमॉक्सिटॉल हे असंच लोहकणांचं औषध २००९ साली अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयासाठी मंजूर झालं. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी झाल्यावर २०१५ मध्ये तिथे कडक इशारा निघाला. आता ते सलाइनमधून सावकाश देतात आणि नंतर अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवतात. युरोपात २०१० साली मेंदूतल्या गाठीसाठी चुंबकीय कणांचा उपचार मंजूर झाला. त्यातही कण चुंबकाने ओढून नेत नाहीत. ते गाठीतच टोचतात आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र देऊन तापवतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला गेलो. सर्फोजीराजांनी याच तंजावरात धन्वंतरी महाल उभारला होता. तिथे औषधं करून पाहत आणि रुग्णांच्या नोंदी ठेवत. दोनशे वर्षांपूर्वीही कोणाला काय दिलं आणि पुढे काय झालं, हे लिहून ठेवायची गरज वाटत होती. आमच्या मेसेजमध्ये तेवढंही नव्हतं.

परतल्यावर ताईला सगळं सांगितलं. तिच्या डॉक्टरांनीही शस्त्रक्रियेचाच सल्ला दिला. ती झाली, आता तपासण्या चालू आहेत.

तुमच्या घरी कुणाला असं औषध सुचवलं, तर नुसतं 'गुण येईल का?' विचारू नका. ते शरीरात कुठे साठतं, किती दिवस राहतं, बाहेर कसं पडतं आणि आपल्या आजारात ते चालेल का, हेही विचारा. लोहकण दिले असतील तर एमआरआयच्या आधी आठवणीने सांगा, कारण फेरूमॉक्सिटॉलमुळे तीन महिन्यांपर्यंत त्या चित्रात फरक पडू शकतो. विचारायला लाजू नका. मीही लेकीलाच विचारून शिकले.