टवका

परवा इंदूरला भाच्याकडे कुणीतरी अ‍ॅराल्डाइटची नळी उघडली आणि त्या उग्र वासासरशी मला देवासचं स्वयंपाकघर दिसलं. जुन्या संस्थानाच्या थोरल्या पातीतलं घर, ओट्यात बसवलेलं पांढरं चिनी मातीचं सिंक आणि त्याच्या डाव्या कडेला नखाएवढा टवका. झिलई गेलेली, आतली माती पिवळट, खरखरीत. भांडी घासताना आजीचा अंगठा हटकून तिथे जायचा.

तो टवका पितळी घागरीने उडवला. 1990चा उन्हाळा. देवासला पाणी आगगाडीने येत होतं. भांडी राखेने घासून फडक्याने पुसायची. सिंक कोरडं ठाक. काकांनी नेमकी तीच वेळ धरली. कड पॉलिश पेपरने घासली, स्पिरिटने पुसली. अ‍ॅराल्डाइटच्या दोन्ही नळ्यांतलं सारखं सारखं पोस्टकार्डावर काढून आगकाडीने कालवलं, त्यात चिमूटभर सफेदा. थापलं नाही, एक पातळ थर, तो सुकल्यावर दुसरा. शेवटी वॉटर पेपर भिजवायला वाटीभर पाणी मागितलं, तेव्हा मात्र आजी बोललीच.

टवका दिसला की ‘काढा हे, स्टीलचं बसवा’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. उघडी पडलेली माती पाणी पिते, कड काळी पडते, कबूल. आरपार तडा गेला तर सिंक बदलावंच लागतं. पण नखाएवढ्या जागेसाठी ओटा फोडायचा?

मोडलेलं तसंच राहिलेलं मी धारला पाहिलं. तिथे आत्याकडे गेलो की आम्ही लाट मशिदीशी खेळायचो. मशीद दिलावरखानाची, 1405 सालची. बाहेर त्याहून जुन्या लोखंडी खांबाचे तीन तुकडे. दक्षिणेच्या स्वारीवर निघालेल्या अकबराने 1598 साली त्यावर लेख कोरवला. एवढा मोठा बादशहा, नाव कोरून पुढे गेला. तुकडे अजून तुकडेच आहेत. मला तिथे दरवेळी आगकाडीने कालवणारे काकाच आठवतात.

दुरुस्तीनंतरही आजीचा अंगठा त्या जागेवरून फिरायचाच. आता गुळगुळीत लागायची, तरी.

तुमच्याकडे असा टवका असेल तर एप्रिल-मे दवडू नका. दोन दिवस नळ बंद ठेवा, माती आतपर्यंत सुकू द्या. ओलीवर काहीच धरत नाही. आणि नंतर त्या जागेवर उकळतं पाणी ओतू नका.