ड्रॅगनचे बारसे

नरकासुराचे नाव कोणी ठेवले असेल, हा प्रश्न मला दर दिवाळीत पडतो. तो भूमीचा मुलगा. कोणती आई पोटच्या पोराला हौसेने ‘नरक’ म्हणून हाक मारील? पण नाव पडले ते पडले, आणि असे चिकटले की इतक्या युगांनंतरही नरकचतुर्दशीच्या पहाटे कोकणातला माणूस तुळशीपाशी उभा राहतो, ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणतो आणि डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडतो. बिचारे कारीट ते केवढे! पण त्याला नरकासुर म्हटले की अंगठ्यात आपोआप जोर येतो. त्याच असुराचे नाव ‘सुहास’ असते, तर मला वाटते, निम्म्या घरांतली कारिटे न फुटताच राहिली असती.

तात्पर्य, राक्षसाला नाव ठेवणे हे मुलाला नाव ठेवण्यापेक्षा अवघड काम आहे. मुलाच्या बारशाला आत्या असते, पंचांग असते, आजोबांची इच्छा असते. राक्षसाच्या बारशाला कोण येणार? मी शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. कादंबरीतल्या एखाद्या सासूचे नाव सुचेना म्हणून मी महिना महिना अडून बसलेली आहे. पण आग ओकणाऱ्या, पंखांच्या, शेपटीने डोंगर झोडपणाऱ्या प्राण्याला नाव देण्याची पाळी यंदाच्या मे महिन्यापर्यंत माझ्यावर आली नव्हती.

ती आणली माझ्या भाच्याने. तो मुंबईहून आंबे खायला आला आणि येताना पिशवीतून एक खेळ घेऊन आला. या खेळाला पट नसला तरी चालते. एकाने सूत्रधार व्हायचे आणि गोष्ट सांगायला लागायचे. बाकीच्यांनी कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशी सोंगे घ्यायची आणि त्या सोंगाच्या तोंडाने बोलायचे. वार लागला की हुकला, हे फासे ठरवतात. त्यांतला मुख्य फासा चांगला वीस बाजूंचा! अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा खेळ काढला, आणि तो आता आमच्या ओटीपर्यंत येऊन पोहोचला.

आमच्या वाडीतल्या मुलांना तो समजावून सांगावा लागला नाही. शिमग्यात नमन-खेळे पाहत वाढलेली ही पोरे. सोंग घेतले की त्या सोंगाचे बोलायचे, हे त्यांना पाळण्यात कळलेले. नमनातला संकासुर तर त्यांचा लाडका. काळा पेहराव, उंच टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो आला की आधी घाबरून पळायचे आणि मग त्याच्याच मागे मागे फिरायचे. पुराणातला हा शंखासुर वेद चोरणारा. त्याच्यापायी विष्णूला मासा व्हावे लागले. पण कोकणी तोंडांत पिढ्यान्‌पिढ्या घोळून शंखाचा संका झाला आणि असुर घरचा झाला. नावे अशीच होतात. ठेवतो एक जण, झिजवतात सगळे.

तर या मंडळींना ड्रॅगनसाठी नावे हवी होती. त्यांनी स्वतः काही तयार केली होती: झ्राकथॉर्ग, घ्रूमाक्ष आणि खड्गधूम्रज्वालेंद्र. शेवटचे नाव घेताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात ड्रॅगन आपल्याला खाऊन ढेकर देऊन मोकळा होतो.

“मावशी, तू गोष्टी लिहितेस ना? मग तूच दे,” भाचा म्हणाला.

“बाई, पण भयंकर पाहिजे हां!” वाडीतल्या मुलांनी बजावले.

भयंकर नाव म्हणजे काय, याचा मी आमरस ढवळता ढवळता विचार करू लागले. घ, झ, ढ, भ ही अक्षरे छातीवर थाप मारल्यासारखी वाजतात, हे खरे. ‘घटोत्कच’ म्हटले की भांड्यांची उतरंड कोसळल्याचा भास होतो. पण अर्थ पाहावा तर डोके घटासारखे, वर केसांचा पत्ता नाही, म्हणून घटोत्कच! म्हणजे तुळतुळीत टाळूचे बाळ पाहून ठेवलेले अगदी घरगुती नाव. ‘अजगर’ही तसेच. अज म्हणजे बोकड, तो गिळणारा तो अजगर. हे नाव कवीने ठेवलेले नसणार; ज्याचा बोकड गेला त्याने ठेवलेले असणार. इंग्रजीतला सर्वांत प्रसिद्ध ड्रॅगन म्हणजे टोल्किन यांच्या १९३७ सालच्या ‘द हॉबिट’मधला, सोन्याच्या राशीवर निजणारा स्मॉग. टोल्किन भाषांचे प्राध्यापक. बिळातून अंग चोरून घुसणे अशा अर्थाच्या एका प्राचीन जर्मानिक धातूवरून त्यांनी ते नाव गमतीने बेतले. आणि खुद्द ‘ड्रॅगन’ हा शब्द? तो ग्रीकांच्या ‘ड्राकोन’वरून आला, त्याचा संबंध पंडित पाहण्याच्या क्रियेशी जोडतात, आणि ते मूळ आपल्या ‘दृश्’ धातूचे सख्खे भावंड आहे. ज्याची नजर पडते तो ड्रॅगन.

“म्हणजे बाई, दृष्ट लागते त्यातलाच?” एका मुलीने विचारले.

“त्यातलाच.”

“मग मीठमिरच्या ओवाळायच्या की! तलवार कशाला?”

हसून झाल्यावर मी मुलांना म्हटले, “तुमचा ड्रॅगन किती मोठा आणि किती डोक्यांचा, ते राहू द्या. तो कशावर बसलाय ते सांगा. काय धरून ठेवलेय त्याने? नाव तिथून निघेल.”

“सोने,” भाचा म्हणाला. “ड्रॅगनकडे सोनेच असते.”

ती दृष्टवाली मुलगी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “माझा विहिरीत आहे. त्याचे नाव तळघोट. तो रोज एक घोट पितो. माघात कळत नाही. चैत्रात पायऱ्या उघड्या पडतात. आता तळ दिसतो.”

“पाण्यासाठी कोण लढायला जाईल?” भाच्याने विचारले. त्याला बिचाऱ्याला नळ सोडला की पाणी येते एवढेच ठाऊक. ओटीवरची सगळी मुले त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. त्या आठवड्यात वरच्या वाडीला टँकर येत होता. ती मुलगी सकाळी दोन खेपा करून खेळायला आली होती.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. घाटावरच्या माणसाला हा आकडा सांगितला की तो हेव्याने पाहतो. पण आमचा जांभा दगड चाळणीसारखा. आले पाणी की उताराने आणि भेगांनी खाडीला, समुद्राला. श्रावणात दाराशी धबधबे आणि वैशाखात हंड्यांची रांग, हे कोडे मी निबंधाला विषय म्हणून कितीदा तरी दिले आहे. तिने ते एका शब्दात सोडवले.

मग मी मुलांना वृत्राची गोष्ट सांगितली. ऋग्वेदातला हा अहि, म्हणजे सर्प. डोंगराला वेटोळे घालून त्याने पाणी अडवले, इंद्राने त्याला वज्राने मारले आणि नद्या मोकळ्या झाल्या. ‘वृ’ म्हणजे झाकणे, अडवणे, त्यावरून वृत्र. नावात एकही दात नाही, नख नाही, ज्वाळा नाही. पण तहानलेल्या माणसाला त्याहून भयंकर नाव कोणते? जन्मकथाही मोठी मासलेवाईक. त्वष्ट्याने इंद्राचा सूड घेण्यासाठी यज्ञ मांडला आणि ‘इंद्रशत्रु’ वाढो अशी आहुती दिली. जोर द्यायचा होता शब्दाच्या शेवटाला, तो पडला आरंभाला. झाले! ‘इंद्राला मारणारा’ याऐवजी अर्थ झाला ‘इंद्र ज्याला मारील तो’. एका स्वराने त्या महासर्पाचे मरण जन्माआधीच लिहून ठेवले. शुद्धोच्चाराचे महत्त्व पटवायला आम्हां मास्तर लोकांना याहून जबर दाखला मिळणे नाही.

संध्याकाळी तळघोटाशी गाठ पडली, तेव्हा मुलांनी त्याला मारले नाही. त्यांनी तह केला: आषाढ-श्रावणात पोट फुटेपर्यंत प्यावे, होळीनंतर तोंड लावू नये. फासा टाकला, सतरा पडले, तळघोट कबूल झाला. खऱ्या विहिरीला पाणी यायला जून उजाडावा लागला, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी एकाने आपल्या ड्रॅगनचे नाव ‘फुरसे’ ठेवले, तेव्हा दिवेलागण झाली होती. दोघीतिघी मुली एकदम “शूऽऽ” म्हणाल्या. आमच्याकडे रात्री त्याचे नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. नाव घेतले की त्याला ऐकू जाते! जांभ्याच्या दगडाखाली दगडाच्याच रंगाचे होऊन बसणारे हे वीतभर-हातभर प्रकरण. एकोणिसाव्या शतकात आमच्या जिल्ह्यात सरकारने मारलेल्या फुरशांमागे बक्षीस लावले होते आणि लोकांनी ढिगांनी फुरशी आणून दिली. फुरसे संपले नाही आणि त्याचे नाव न घेण्याची रीतही संपली नाही. मुलांनी तो ड्रॅगन बिननावाचाच ठेवला. ‘जनावर आले’ असे सूत्रधार हळूच म्हणाला की झ्राकथॉर्गला न भिणारी मुले पाय वर घेऊन बसत.

नावे हरवूनही आकार कसा उरतो, हे दाखवायला मी एक दिवस सगळ्यांना उक्षीला नेले. तिथे सड्यावर कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे. कोकणातल्या अशा कातळशिल्पांचे नाव २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेले. ती हजारो वर्षांपूर्वीची. कोरणाऱ्याने या प्राण्याला काहीतरी नक्की म्हटले असेल. बायकोपोरांना हाक मारून दाखवले असेल. तो शब्द वाऱ्यावर गेला, रेघ तेवढी राहिली. वृत्राचे उलटे: त्याचे नाव राहिले, आणि रूप प्रत्येकाने आपापले कल्पायचे.

परतताना एक मुलगा माझ्याबरोबर मागे राहिला. तो फारसा बोलत नाही. आईवडील मुंबईला, हा आजीपाशी. त्याच्या वाडीत सात घरे, त्यांतल्या चारांना कुलूप.

“बाई, माझ्या ड्रॅगनचे नाव कुलप्या.”

“कशावर बसतो तो?”

“बंद घराच्या माळ्यावर. वासे अंगाने धरून ठेवतो, घर पडू नये म्हणून.”

“आणि सोने?”

“सोने नाही. एक समई आणि गणपतीचा पाट आहे.”

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो असे मानतात. त्याला नारळ देतात, त्याच्यावर कोणी तलवार काढत नाही. तरी भाच्याने खेळाच्या नियमाप्रमाणे विचारलेच, की कुलप्याला मारायचे कसे? “मारायचा नाही,” तो मुलगा म्हणाला. “मालक आला की त्याला सांगायचे, आता जा.” भाच्याने वहीत तसे लिहून घेतले. तो स्वतः मुंबईकर. आमच्या घराशेजारचे कुलूपबंद घर त्याच्या आजोबांचे. त्या रात्री तो अंथरुणावर पडून बराच वेळ त्या बाजूच्या खिडकीकडे पाहत होता.

मला वाटते, भीतीला नाव ठेवायला माणूस शिकला तो असाच. डरकाळीची नक्कल करून नव्हे. आपले काय अडून राहिले आहे, काय नाहीसे होऊ घातले आहे, ते नीट पाहून. आणि एकदा नाव ठेवले की त्याच्याशी बोलता येते, तह करता येतो. क्वचित त्याची कीवही येते.

भाद्रपदात गणपती आले. चाकरमान्यांनी वाड्या भरून गेल्या. चारी घरांची कुलपे निघाली, अंगणे सारवली गेली, आरत्यांचा गजर रात्रभर चालला. त्या मुलाचे आईवडीलही आले होते. विसर्जनाच्या वाटेवर तो नव्या शर्टात दिसला, तेव्हा मी सहज विचारले, “काय रे, कुलप्या कुठे गेला?”

“रजेवर आहे, बाई,” तो म्हणाला. “सोमवारी हजर होईल.”