धन जमिनीत, ऋण तारेत

टेलिफोनच्या दुनियेत एक गोष्ट चक्क उलटी असते. आपल्या बाइकमध्ये बॅटरीचं मायनस टोक चासीला जोडलेलं असतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मात्र प्लस टोक अर्थ करतात आणि मायनस टोक ‘जिवंत’ ठेवतात. म्हणून तिथल्या सप्लायला ‘मायनस ४८ व्होल्ट’ म्हणतात. टॉवरवरचे मायक्रोवेव्ह रेडिओ त्याच घराण्यातले, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच जणांना हाच सप्लाय लागतो.

हे मला लेक्चरमध्ये नाही, बाबांकडून कळलं. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. २०२० साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मला त्यांनी हौसेनं कॉन्व्हेंटमध्ये घातलं, पण पालकसभेला आई आत यायची आणि बाबा गेटबाहेर स्कूटरवर बसून राहायचे. “आत सगळं इंग्लिशमध्ये चालतं, मी काय बोलणार?” मी ई अँड टीसीला आल्यावर तर ते अभ्यासाचं काही विचारेनासेच झाले. “तुझं आता मोठं शिक्षण, बाळा,” एवढंच म्हणायचे.

मग एकदा मीच विचारलं, “बाबा, मायनसच का?”

“तांबं वाचवायला,” बाबा म्हणाले.

त्याचं असं आहे. जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरलं की थोडा करंट ओल्या मातीतून वाहू लागतो. जे टोक प्लस असतं, त्याचा धातू झिजत जातो. ही तर आपली बारावीची इलेक्ट्रोलिसिस! तार जमिनीच्या तुलनेत मायनस ठेवली की तांबं टिकतं आणि झीज होते ती अर्थच्या जाड इलेक्ट्रोडची, जो बदलता येतो. आणि ४८ का, तर लेड ॲसिडचे २ व्होल्टचे २४ सेल. चार्जिंगवर असताना मीटर ५४ च्या आसपास दाखवतो, तेव्हा दचकायचं नाही.

बाबा मराठी शाळेतले. ते अजूनही धन आणि ऋण म्हणतात. त्यांचं सूत्र सोपं आहे: “धन जमिनीत पुरायचं, ऋण तारेतून न्यायचं.”

या सूत्राची किंमत मला दिवाळीच्या सुट्टीत कळली. आमच्या गावाजवळच्या टेकडीवर इंटरनेटसाठी एक मायक्रोवेव्ह रेडिओ बसवायचं काम चालू होतं. ओळखीतल्यांनी बाबांना “जरा बघून जा” म्हणून बोलावलं, मीही गेले. तिथे सोलरवर चालणारी बॅटरी बँक होती, १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये. त्यावर आधीपासून कॅमेरे आणि इतर सामान चालत होतं, म्हणून तिचं मायनस टोक टॉवरच्या अर्थ पट्टीला जोडलेलं होतं. काम करणारा मुलगा आमच्याच वयाचा. तो म्हणाला, “काका, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. यात बघायचं काय?”

पोलॅरिटी त्याची बरोबरच होती. तरी बाबा म्हणाले, “थांब पोरा, अजून जोडू नकोस.” त्यांनी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवला. एक प्रोब रेडिओच्या प्लस टर्मिनलला, दुसरा त्याच्या बॉडीला. बीप! मग एक बॅटरीच्या मायनसला, दुसरा अर्थ पट्टीला. पुन्हा बीप!

“आता तू सांग,” बाबा माझ्याकडे वळून म्हणाले.

मी कागदावर सर्किट काढलं. बॅटरीच्या प्लसपासून रेडिओचं प्लस, तिथून बॉडी, बॉडीतून टॉवर, टॉवरमधून अर्थ पट्टी आणि पट्टीवरून सरळ बॅटरीचं मायनस. मध्ये लोड कुठेच नाही. डेड शॉर्ट! फ्यूज असेल तर उडेल, नसेल तर वायर वितळेल.

तो मुलगा म्हणाला, “मग रेडिओची बॉडी अर्थच करू नये.” त्यावर बाबांनी टॉवरकडे बोट दाखवलं. खालच्या युनिटमधून वरच्या युनिटला एकच कोॲक्स केबल जाते. सिग्नलही तीच नेते आणि सप्लायही. आतल्या तारेत मायनस ४८ आणि बाहेरची जाळी प्लस. वीज पडली तर तिला वाट हवी, म्हणून ती जाळी टॉवरला ठिकठिकाणी अर्थ केलेली असते. ते काढणं म्हणजे पावसाळ्यात संकटाला आमंत्रण. शेवटी आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर मागवला. त्याच्या इनपुटचं मायनस अर्थ आणि आउटपुटचं प्लस अर्थ, दोघांचा एकमेकांशी धातूचा संबंध नाही. दोन दिवसांनी लिंक चालू झाली.

तेव्हा पक्कं कळलं, की पोलॅरिटी आणि अर्थिंग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बरोबर असलं तरी दुसऱ्यात घोटाळा होऊ शकतो. तुमच्यापैकी कुणी ट्रेनिंगला साइटवर जाणार असेल, तर बाबांच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मीटर लावा. सप्लायचं कोणतं टोक अर्थ आहे आणि रेडिओचं कोणतं, हे जोडण्याआधी बघा. आणि प्लस अर्थ असेल तर फ्यूज मायनसच्या तारेत हवा. कारण मायनसची तार बॉडीला टेकली तर करंट अर्थमधून परत जातो आणि प्लसमधला फ्यूज तसाच राहतो.

हा लेख इंग्लिश विभागात देणं मला सोपं गेलं असतं. पण हे सगळं मी मराठीत शिकले आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांना वाचता यावं असं वाटलं. यंदा प्रोजेक्टच्या प्रदर्शनाला बाबांना आत बोलावलंय, आमचं अर्थिंग तपासायला. अजून “बघू” एवढंच म्हणालेत. पण परवा मल्टीमीटरमध्ये नवा सेल टाकत होते!