सावली दक्षिणेला पडते तेव्हा

रानात निभाव कसा लावावा हे शिकवणारं पुस्तक घेताना त्याचा लेखक कोणत्या रानात वावरला हे आधी पाहावं, असं माझं ठाम मत आहे. मॉर्स कोचान्स्की हे कॅनडातलं या विद्येतलं मोठं नाव. कुऱ्हाड, चाकू आणि विस्तव यांवरची त्यांची प्रकरणं मनापासून अभ्यासावीत अशी आहेत. पण ती स्प्रूस आणि बर्चच्या जंगलातली आहेत, आणि तिथे माणसाच्या जिवावर उठते ती थंडी. विदर्भातल्या सुलतानपूरच्या माणसाला वैशाखात रानात गाठतं ते ऊन. त्याच्या पुस्तकात सावली आणि पाणी आधी यायला हवं, विस्तव मागून आला तरी चालेल. शिवाय पाणी उताराकडे शोधावं हा अशा पुस्तकांतला नेहमीचा नियम सुलतानपूरच्याच तालुक्यात फसतो. लोणारच्या विवरात तळाला उतरलं की समोर येतं ते खारं, अल्कधर्मी सरोवर. पिण्याजोगं गोडं पाणी वरच राहतं, काठाजवळच्या धारेवर.

यावर कुणी म्हणेल, झाडं-पाणी बदलेल, पण सूर्य तर सगळ्यांचा एकच. खरं आहे, म्हणून सूर्याचंच उदाहरण घेऊ. काठी रोवावी, सावली सर्वांत आखूड झाली की तिचं टोक उत्तर दाखवतं, हा युरोपातल्या माणसाने लिहिलेला आडाखा त्याच्या गावी बाराही महिने बरोबर असतो. सुलतानपूर मात्र साधारण २० अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली आहे. २० मेच्या सुमारास तिथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैचा तिसरा आठवडा सरेपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या दोन महिन्यांत सावली दक्षिणेला पडते, आणि पुरुषभर काठीची असली तरी वीतभरही भरत नाही. पुस्तकावर भिस्त ठेवून निघालेला माणूस ऐन उन्हात नेमका उलट चालू लागेल. आडाखा कुठवर चालतो हे जे पुस्तक सांगत नाही, ते कितीही देखणं असलं तरी मी दुसऱ्या रांगेत ठेवीन.

मग पहिल्या रांगेत काय? मारुती चितमपल्ली. त्यांचं लेखन ललित आहे, त्यात गाठी मारायला किंवा खोपट बांधायला शिकवलेलं नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यांतल्या दंतकथा दंतकथा म्हणूनच वाचायच्या. पण वनखात्याच्या नोकरीत हयात घालवलेल्या या माणसाने विदर्भाच्या रानातली झाडं-पाखरं त्यांच्या इथल्या नावांनी ओळखीची करून दिली, आणि झाड नावानिशी सांगता आलं तरच गुराख्याला त्याच्याबद्दल पुढचं विचारता येतं. हाताची कामं, रानात निभाव लावायला शिकवणाऱ्या वाइजमन यांच्या १९८६ सालच्या प्रसिद्ध पुस्तकातून खुशाल शिकावीत. सर्पदंशाचं प्रकरण मात्र जुन्या पुस्तकातून मुळीच शिकू नये. दंशाची जागा चिरून विष चोखण्याचा सल्ला कित्येक जुन्या पुस्तकांत आहे आणि तो घातक आहे; हातपाय हलू न देता माणसाला तातडीने प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात पोचवणं हाच उपाय. झाडांचं पुस्तक चाळीस वर्षांचं चालेल, औषधाचं नाही. विस्तवाचा सराव करायचा तो शेतातल्या मोकळ्या, वाळलेलं गवत साफ केलेल्या जागेत, जवळ पाण्याची घागर ठेवून. लोणार किंवा ज्ञानगंगा अभयारण्यात काडी ओढणं हा गुन्हा आहे, आणि उन्हाळ्यातल्या त्या पानगळीच्या जंगलाला एक ठिणगी पुरते.